छोट्या धंद्याची ऑनलाइन ओळख: आधी पाटी, मग वेबसाइट

धंदा सुरू आहे, हातात स्मार्टफोन आहे, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) किंवा उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली आहे, असं मी धरून चालते. (उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.) इंदूरमध्ये सराफ्यातल्या दुकानापासून सुदामा नगरातल्या घरगुती फराळापर्यंत अनेकांची ऑनलाइन मांडणी मी करून दिली आहे. ‘आधी झकास वेबसाइट बनवा, रोज रील टाका’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. गिऱ्हाईक आधी गूगलवर नाव टाकतं, नकाशा बघतं आणि फोन लावतं. तिथे गडबड असेल तर वेबसाइटपर्यंत कुणी पोचतच नाही.

पहिलं काम: नाव, पत्ता आणि नंबर एकदाच पक्के करा. पाटीवर जे नाव तेच बिलावर, तेच व्हॉट्सअॅपवर, तेच गूगलवर. पाटी देवनागरीत आणि बिल रोमन लिपीत असेल, तर ‘श्री’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी आय लावायचा की दोन ई, हे आजच ठरवून टाका. नावापुढे ‘इंदूरमधील सर्वोत्तम’ असलं शेपूट लावू नका. एजंट हेच सगळ्यात आधी सुचवतात, पण ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद, निलंबित होऊ शकतं. पत्त्यात ‘राजवाड्यामागे’ जरूर लिहा, पण घर क्रमांक, रस्ता आणि पिनकोडही हवाच.

दुसरं: या प्रोफाइलचं खातं स्वतःच्या जीमेलवरून काढा. एजंटच्या किंवा भाच्याच्या नाही. मालकी दुसऱ्याकडे गेली की ती परत मागण्यात नुसता वेळ जातो.

तिसरं: गूगल बिझनेस प्रोफाइल भरा. मुख्य वर्ग, म्हणजे धंद्याचा प्रकार, एकच आणि अचूक निवडा. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे, तेवढी पुरते.

चौथं: पडताळणीचा व्हिडिओ. लोक अडतात ते इथे. मीही इथेच सर्वांत जास्त अडले. पूर्वी पोस्टाने कोड यायचा, आता गूगल बऱ्याचदा व्हिडिओच मागतं, आणि पद्धत कोणती हे तेच ठरवतं. व्हिडिओ नाकारला तर नेमकं काय चुकलं हेही नीट कळत नाही. म्हणून तो बघणाऱ्याला काय हवं असतं ते आधी समजून घ्या. जागा खरंच तिथे आहे का, धंदा खरा आहे का, आणि व्हिडिओ काढणारा माणूसच तो चालवतो का, एवढंच त्याला बघायचं असतं. यातलं तिसरं उत्तर मी पाहिलेल्या बहुतेक नापास व्हिडिओंमध्ये नव्हतं.

रस्त्यावरून सुरुवात करा. रस्त्याच्या नावाची पाटी किंवा शेजारच्या दुकानाचा पत्ता असलेला बोर्ड दिसू द्या. मग तुमची पाटी दाखवा आणि अक्षरं वाचता येतील इतका वेळ तिथे थांबा. पाटी कायमची बसवलेली हवी, दोरीने बांधलेल्या फ्लेक्सवर विसंबू नका. मग स्वतःच्या हाताने कुलूप काढा, शटर वर करा, आत जाऊन गल्ला उघडा. मालकी सिद्ध होते ती याच कृतींनी. त्यानंतर माल, काटा, बिलबुक आणि भिंतीवरचा गुमास्त्याचा कागद दाखवा. बोलायची गरज नाही. कुणाचा चेहरा, आधार कार्ड किंवा पासबुक मात्र चित्रात येऊ देऊ नका.

हे सगळं एकाच दमात, न थांबवता टिपायचं. 30 सेकंदांपेक्षा कमी नको, मी दीड-दोन मिनिटं घेते. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालत नाही, प्रोफाइलमधूनच रेकॉर्ड करावा लागतो. म्हणून साध्या कॅमेऱ्यावर एकदा तालीम करा. सराफ्यात तर हे काम सकाळी दुकान उघडतानाच उरका. संध्याकाळच्या गर्दीत हात स्थिर राहत नाही आणि मध्ये माणसं येतात.

घरगुती धंद्याचं वेगळं असतं. गिऱ्हाईक घरी येत नसेल आणि तुम्हीच माल पोचवत असाल, तर पत्ता लपवा आणि सेवेचे भाग भरा. असे 20 भाग देता येतात. पाटी नसली तरी धंद्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. घराचं कुलूप उघडून स्वयंपाकघरात जा; मोठी कढई, नाव छापलेले डबे, लेबलं, पॅकिंग दाखवा. खाद्यपदार्थ असतील तर 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) क्रमांकाचा कागदही दाखवा, आणि त्यावरचं नाव प्रोफाइलशी जुळतंय ना हे आधी बघा.

व्हिडिओ नाकारला गेला तर घाबरून नाव-पत्ता बदलू नका, आणि दुसरं प्रोफाइल तर मुळीच काढू नका. एका जागेची दोन प्रोफाइलं झाली की गुंता दुप्पट होतो. व्हिडिओच नव्याने काढा. या दिवसांत ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा’ असे फोनही येतात. प्रोफाइल फुकट असतं. ओटीपी कुणालाही सांगू नका.

पाचवं: फोटो स्वतःचे. नेटवरून उचललेलं फराळाचं ताट आणि डब्यातून निघालेल्या चकल्या वेगळ्या दिसल्या की विश्वास तिथेच संपतो.

सहावं: व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या आणि कॅटलॉगमध्ये किमती लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाचून मी स्वतः पुढच्या दुकानाकडे वळते.

सातवं: रिव्ह्यू मागा, विकत घेऊ नका. माल पोचल्यावर त्याच दिवशी लिंक पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक काढलं आहे. वाईट रिव्ह्यूला दोन ओळींत, नेमकं काय घडलं ते सांगून उत्तर द्या. तिथे भांडू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढची गिऱ्हाइकं जास्त वाचतात.

आठवं: वेबसाइट हवीच असेल तर आता. एक पान पुरतं. डॉट इनचं डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. गूगलने प्रोफाइलमधून मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या, तरी त्या वेबसाइटचा जुना पत्ता अजून कित्येकांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेला दिसतो. तुमच्याही असेल तर कार्डं नवी छापा.

शेवटचं काम वेळापत्रकाचं. सणासुदीच्या वेळा ‘विशेष वेळ’मध्ये आठवडाभर आधी भरा. दिवाळी बहुतेकांच्या लक्षात राहते, पण रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपास धंदा होत नाही, आणि नकाशावर मात्र दुकान उघडं दिसत राहतं.