सिटी म्युझियम मोठ्यांनी कसं बघायचं, गुडघे सांभाळून

अमेरिकेत सेंट लुईसला जाणारी आपली मंडळी तिथली ती उंचच उंच कमान, म्हणजे गेटवे आर्च, बघतात, त्या इवल्याशा डब्यात बसून वर जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत शिकागोचा रस्ता धरतात. त्याच डाउनटाउनमधे सिटी म्युझियम आहे पण ते बहुतेकांच्या लिस्टमधे नसतं, कारण नाव ऐकून वाटतं की असेल शहराचा इतिहास, जुनी नाणी, काचेच्या कपाटात कोणातरी मेयरची टोपी. आणि ज्यांना माहितीये ते म्हणतात अरे ते लहान मुलांचं आहे. दोन्ही खोटं. हे चढायचं, सरपटायचं आणि घसरायचं म्युझियम आहे, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की मुलं बरोबर नसली तर ते जास्त नीट बघून होतं, कारण मुलं असली की आपण जॅकेटं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली उभे.

इमारत मुळात इंटरनॅशनल शू कंपनीची, दहा मजली. बॉब कॅसिली नावाचा शिल्पकार आणि त्याची तेव्हाची बायको गेल, दोघांनी मिळून १९९७ मधे तिथे हे सुरू केलं, आणि सामान बरंचसं शहराच्या भंगारातलंच वापरलं, म्हणजे पाडलेल्या इमारतींचे नक्षीचे तुकडे, लोखंडी पाइप, जुनी यंत्रं, असलं काय काय. कॅसिली २०११ मधे गेला, पण आजही कुठल्याही कोपऱ्यात हात फिरवला की कळतं की हे कॅटलॉगमधून मागवलेलं नाही, कोणीतरी बसून वेल्डिंग केलंय.

आता कपडे, कारण निम्मी मजा किंवा निम्मा त्रास इथेच ठरतो. उन्हाळा असला तरी फुल पँट घाला, शॉर्ट्समधे घसरगुंडीवर मांड्या पत्र्याला चिकटतात आणि चर्रर्र असा आवाज येतो, तो ऐकवत नाही. पायात बूट, चपला-सँडल नकोत. ओढणी, स्कार्फ, लांब मंगळसूत्र, बांगड्या हॉटेलवर ठेवून या, सळ्यांमधे अडकतात. फोन चेनच्या खिशात, चष्म्याला दोरी. आणि नी-पॅड! तिथल्या दुकानात विकत मिळतात आणि लोकांना वाटतं गंमत म्हणून ठेवलेत, पण पस्तिशीच्या पुढे असाल तर गंमत नाहीये ती, घरूनच घेऊन या. पर्स, बॅकपॅक काही नको, गाडीत लॉक करून या. एक छोटा टॉर्च मात्र खिशात असू द्या, आत एक बनवलेली अंधारी गुहा आहे, तिथे कामाला येतो.

वेळ: शनिवारी दुपारी जाऊ नका, बर्थडे पार्ट्यांचा लोंढा असतो. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री बऱ्याचदा उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा बारकी पोरं घरी गेलेली असतात आणि सगळीकडे आपल्याच वयाचे लोक धापा टाकत दिसतात, म्हणजे लाजही वाटत नाही. सीझनप्रमाणे वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी वेबसाइट बघाच. आत बिअर वगैरे मिळते, ती शेवटी घ्या, आधी घेऊन घसरगुंडीवर गेलात तर तुमचं तुम्ही बघा.

नकाशा मागू नका, मिळाला तरी उपयोग नाही, इथे हरवणं हाच प्लॅन आहे. तरी मोठ्यांसाठी एक क्रम सांगते. हवा चांगली असेल तर सगळ्यात आधी गच्ची, कारण पाऊस-वीज-थंडी असली की ती बंद होते आणि मग हळहळत बसाल. वर चक्क जायंट व्हील आहे आणि इमारतीच्या कडेवरून अर्धी बाहेर आलेली एक पिवळी स्कूल बस आहे, तिच्यात शिरून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत जाता येतं आणि समोर काचेतून खाली थेट रस्ता दिसतो. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी मागच्या सीटवरूनच रामराम करावा.

मग खाली अंगणात मॉन्स्ट्रोसिटी. दोन जुन्या विमानांचे सांगाडे, फायर इंजिन, किल्ल्याचा बुरूज, सगळं हवेत टांगलेलं आणि एकमेकांना लोखंडी सळ्यांच्या गोल गोल बोगद्यांनी जोडलेलं. हे बोगदे म्हणजे चकलीच्या वेटोळ्यांसारख्या वळवलेल्या सळ्या, मधे मधे फट, आणि त्या फटीतून खाली पार्किंग लॉट दिसतो. यात जायची एक पद्धत आहे. गुडघा सळीवर टेकवायचा नाही, नडगी दोन सळ्यांवर आडवी ठेवायची म्हणजे वजन विभागलं जातं, आणि हात पुढे टाकून आधी पकडायचं, मग अंग ओढायचं. वळणावर कंबर अडली तर कुशीवर व्हा, सरळ ढकलत बसू नका. मागे पोरं खोळंबली असतील तर रुंद जागा आली की बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या आणि ती कुठून वळतात ते बघून ठेवा, रस्ता त्यांनाच माहीत असतो. फक्त ती ज्या भोकातून गेली त्यातून आपणही जाऊ हा भ्रम नको. आधी दोन्ही खांदे आत जातायत का बघा, नसतील जात तर तिथूनच मागे. अडकलातच तर श्वास सोडा, एक हात वर एक खाली करा आणि आलात तसे उलटे बाहेर या. घाबरून श्वास भरला की छाती फुगते आणि आणखी अडकता. बंद जागेची भीती असेल तर हा भाग सरळ सोडा, खालून बघायलाही भारी आहे.

ती गुहा आणि दहा मजली घसरगुंडी एकमेकांना लागूनच आहेत, त्यामुळे एकत्रच करायची. शू कंपनीच्या काळी वरच्या मजल्यावरून माल खाली सोडायला इमारतीत गोल फिरणाऱ्या लोखंडी घसरगुंड्या होत्या, त्यातूनच ही कल्पना निघाली. आता दहा मजल्यांची एक आहे आणि तीन मजल्यांचीही एक आहे. दहा मजली घसरायची म्हणजे तेवढ्या पायऱ्या चढायच्या आल्या, त्यामुळे आधी तीन मजलीवर ट्रायल घ्या. चढताना थांबा, भिंतींवरची कारागिरी बघा, दम लागल्याचं कोणाला कळतही नाही. घसरताना हात छातीशी, कोपरं आत, पाय पुढे सरळ, आणि खाली पोचलात की लगेच उठून बाजूला व्हा. गोल गोल फिरून चक्कर येणाऱ्यांनी जेवण नंतर करावं.

पाय बोलायला लागले की जुन्या इमारतींचे नक्षीकाम केलेले तुकडे मांडलेत त्या दालनात जा. पोरं तिथे थांबत नाहीत म्हणून शांतता असते. लुई सलिव्हनसारख्या आर्किटेक्टच्या इमारतींवरचं नक्षीकाम इथे नाकासमोर बघता येतं, जे एरवी रस्त्यावरून मान मोडून बघावं लागलं असतं. मला विचाराल तर घसरगुंडीएवढाच वेळ इथे द्या. जगातली सगळ्यात मोठी पेन्सिलही याच म्युझियममधे आहे, ७६ फुटी, तिच्याबरोबर एक फोटो काढून टाका.

भारतातून आईबाबा आले असतील आणि त्यांना आणायचं असेल तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना, पाठदुखीवाल्यांना आणि गरोदर बाईला चढाचढी नाहीच, पण पहिल्या मजल्यावरची मोझेकची फरशी आणि ते नक्षीच्या तुकड्यांचं दालन त्यांना चालत आरामात बघता येतं. त्यांना एकटं सोडून तासभर गायब होऊ नका, आत फोनला रेंज नसली तर शोधत बसाल, भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची फ्लाइट किंवा लांबचं ड्रायव्हिंग ठेवू नका, दंड आणि मांड्या दोन दिवस ठणकतात.