१९९१ची व्हॅन, १९९०चं इंजिन: कॅलिफोर्नियात इंजिन बदलण्याआधी

माझ्याकडे १९९१ची फोक्सवॅगन व्हॅनागॉन आहे. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि मधल्या जागेत चौघांचा संसार मावतो. तिचं मूळ २.१ लिटरचं इंजिन दोनदा हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडूनसुद्धा तिसऱ्यांदा कडेनं पाणी गाळायला लागलं. त्या इंजिनाचं हे जुनंच दुखणं आहे. तेव्हा ठरवलं, आता सुबारूचं ईजे-२२ बसवायचं. अमेरिकेत या व्हॅनमध्ये ते बसवणारे पुष्कळ आहेत. तेही बॉक्सर, म्हणजे सिलिंडर आडवे, बसकं, मागच्या खणात बरोबर मावणारं. ताकद नव्वदीतल्या हॉर्सपॉवरवरून थेट १३०वर जाते.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटपासून तासाभरावर एकाकडे असं इंजिन मिळालं. तीनशे डॉलर. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन उत्तम, तेलाच्या झाकणाखाली चिकटा नाही. विकणारा म्हणाला, ९२चं आहे. मी पैसे देणारच होते, तेवढ्यात सांगलीहून बाबांचा फोन आला. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. म्हणाले, "पोरी, इंजिन नंतर बघ. आधी ज्या गाडीतनं काढलंय तिचा नंबर माग." नंबर मागितला. त्यातलं दहावं अक्षर एल निघालं. एल म्हणजे १९९०. मी हात हलवत परत आले, आणि त्या फोननं माझे पैसे आणि वर्ष दोन्ही वाचवलं.

कॅलिफोर्नियात गाडीच्या धुराची तपासणी पास व्हावी लागते, आणि इंजिन बदलताना पहिला नियमच हा: बसवायचं इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं. आधीचं चालत नाही. १९९० आणि १९९१चं ईजे-२२ शेजारी ठेवलं तर तुम्हाला-मला फरक कळणार नाही, तरीही चालत नाही. जुनं इंजिन घालायला बंदी आहे असा याचा अर्थ नाही. गाडी त्याहून जुनी असली की झालं. तेच १९९०चं इंजिन १९८७च्या व्हॅनमध्ये वर्षाच्या हिशेबानं खुशाल बसतं. आणि वर्ष म्हणजे मॉडेल वर्ष, कारखान्यातून निघाल्याची तारीख नव्हे. ऑक्टोबर १९९०मध्ये बनलेली गाडी बहुधा १९९१चं मॉडेल असते. म्हणून दाराच्या चौकटीवरच्या महिन्यावर विसंबू नका, सतरा अंकी नंबरातलं दहावं अक्षर वाचा: एल १९९०, एम १९९१, एन १९९२, पी १९९३, आर १९९४.

वर्ष जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. तुमची गाडी कॅलिफोर्नियाच्या धुराच्या प्रमाणपत्राची असेल तर इंजिनही त्याच किंवा त्याहून कडक प्रमाणपत्राचं लागतं. जड ट्रकचं इंजिन हलक्या गाडीत चालत नाही. हे सगळं बॉनेटखालच्या लेबलावर लिहिलेलं असतं: वर्ष, कोणत्या नियमांना उतरतं, आणि धूर आवरणारे कोणकोणते भाग त्या इंजिनावर असायला हवेत. तुमची धुराची परीक्षा पुढे याच यादीवर होते. टेक्सास-न्यू जर्सीतल्या मंडळींनी आपल्या राज्यात तपासणी सैल आहे म्हणून निर्धास्त राहू नये. धूर आवरणारे भाग काढण्याची बंदी केंद्राच्या क्लीन एअर कायद्यातच आहे.

म्हणून माझा सल्ला एकच आणि ठाम: नुसतं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या. मी मागून ठोकर बसलेली १९९३ची सुबारू लेगसी आठशे डॉलरना घेतली. इंजिन सुटं घेतलं की ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) दुसरीकडून, वायरिंग तिसरीकडून, कार्बन कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) कुठूनच नाही, अशी गत होते. अख्ख्या गाडीत सगळं एकाच वर्षाचं, एकमेकांना ओळखणारं मिळतं. पाना लावण्याआधी फोटो काढा: लेबल, नंबराची पट्टी, प्रत्येक व्हॅक्यूम नळी कुठून कुठे जाते ते. गाडी भंगारात देण्याआधी तिच्या मालकीच्या कागदाची प्रत आणि विकत घेतल्याची पावती फायलीत लावा.

त्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे होते. लेगसीचं वायरिंग त्यांनीच उतरवलं. जुन्या सुती साडीच्या बोटभर पट्ट्या फाडल्या, प्रत्येक कनेक्टरला एक बांधली, तिच्यावर बॉलपेननं नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे जागा: "१४. डाव्या बाजूचा इंजेक्टर, पुढचा." अशा सत्तरएक पट्ट्या. चिकटपट्टी तेलानं सुटते, कापड सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग डॅशबोर्ड, दिवे, काचा यांच्या वायरी काढून टाकल्या. इंजिन आणि ईसीयूचं तेवढं राहिलं. एवढी मोठी जुडी हाताच्या मनगटाएवढी झाली. ईसीयूला कायमचा बॅटरीचा पुरवठा, किल्लीनंतरचा पुरवठा, चांगली अर्थिंग, पंपाचा रिले आणि स्टार्टरचा इशारा लागतो. दोन गोष्टी लोक सोडून देतात, आणि तिथंच अडकतात. एक, वेगाचा सेन्सर. व्हॅनचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, ईसीयूला मात्र विजेचा इशारा हवा. केबलवर बसणारा सेन्सर मिळतो, तो लावा. दुसरी, चेक इंजिनचा दिवा. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. व्हॅनच्या डॅशबोर्डमध्ये त्याला जागा करा. दिवाच नसेल तर नापास.

इंजिन बसवण्याचं काम मी थोडक्यात सांगते, कारण सुबारूचं इंजिन व्हॅनच्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या अडॅप्टर प्लेटबरोबर येणाऱ्या कागदात ते नीट दिलेलं असतं. सुबारूचा ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, व्हॅनच्या पोटाखाली लोंबतो, म्हणून आखूड संप आणि तेल ओढणारी आखूड नळी घ्या. इंजिन बाहेर आहे तोवर फ्लायव्हीलच्या बाजूचं सील बदला आणि तिथली प्लास्टिकची झाकणपट्टी काढून धातूची बसवा. प्लास्टिकची गळते, आणि नंतर तिच्यासाठी पुन्हा इंजिन उतरवावं लागतं.

धूर आवरणाऱ्या भागांत मात्र एक इंचही सूट घेऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निववणारा डबा, लेगसीत इंजिनापासून जितका लांब होता, तेवढ्याच अंतरावर मी सायलेन्सरच्या लाइनीत वेल्ड करून घेतला. तो तापून सुमारे तीनशे अंश सेल्सिअसवर गेल्याशिवाय काम करत नाही. लांब नेला की उशिरा तापतो. बाजारातला घेणार असाल तर त्याच्या अंगावर कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक कोरलेला हवा, आणि तो तुमच्या इंजिनासाठी लागू असला पाहिजे. एअर फिल्टरचा डबा मूळचाच ठेवा. उघडा शंकूसारखा फिल्टर मंजुरी क्रमांकाशिवाय बघताक्षणी नापास होतो. टाकीतून येणारी वाफ कार्बन कॅनिस्टरमध्ये जाऊन इंजिनात ओढली गेली पाहिजे, आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट बसलं पाहिजे. या वर्षांच्या गाड्यांत वाफेच्या गळतीची वेगळी चाचणी होते.

हे सगळं कशाला, असं मला विचारणारे आहेत. पासाडेनाला कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिलं की लॉस एंजेलिसचं ते डोळे चुरचुरवणारं धुकं म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर उन्हानं केलेली करणी. माझ्यासाठी तेवढंही पुरे नव्हतं. बाबांची तीस वर्षं डिझेलच्या धुरात गेली आणि आता ते आमचा एक जिना चढताना मध्येच थांबतात. ते मी रोज बघत होते.

परीक्षेला जाण्याआधी कुठल्याही स्मॉग स्टेशनवर, म्हणजे धूर तपासणी केंद्रावर, पूर्वचाचणी करून घ्या. तिचा निकाल सरकारदरबारी जात नाही. १९९१ची गाडी आमच्या भागात रोलरवर चढवून ताशी १५ आणि २५ मैलांना तपासतात: हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. माझे पहिले दोन आकडे सुरेख आले, तिसरा मात्र मर्यादेबाहेर. इंजिन गरजेपेक्षा गरम चाललं की हा आकडा चढतो. दोन दिवस मी सेन्सर बदलत बसले. मग बाबांनी पुढचा रेडिएटर हातानं चाचपला: खालून कढत, वरून कोमट. वर हवा अडकली होती. या व्हॅनचं पाणी सुमारे १७ लिटर, नळ्या मागून पुढपर्यंत. हवा काढायची तर व्हॅनचं तोंड जॅकवर फूटभर उचला, जाळी काढून रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करा, इंजिन दोन हजार आरपीएमला धरा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत पाणी ओतत राहा. आम्हाला पाऊण तास लागला. पुन्हा रोलरवर नेली आणि तिन्ही आकडे आत आले.

खरी परीक्षा नेहमीच्या स्मॉग स्टेशनवर होत नाही. तिथं गाडीचं नाव एक आणि इंजिन दुसरं दिसलं की ते तुम्हाला रेफरीकडे पाठवतात. रेफरी हा राज्याच्या ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या कार्यक्रमातला तपासनीस. आधी वेळ घ्यावी लागते आणि त्यांची बरीच ठिकाणं कम्युनिटी कॉलेजांत आहेत. फाइल, लेबलाचा फोटो, नळ्यांचा नकाशा घेऊन जा. व्हॅन धुऊन, इंजिनाच्या खणातला दिवा चालू करून न्या. माझ्या वेळी त्यांनी दोन तास घेतले. लेबलावरच्या यादीतला एकेक भाग टॉर्च लावून शोधला, कन्व्हर्टरवरचा क्रमांक आरशातून वाचला, मग रोलर.

पास झाल्यावर त्यांनी दाराच्या खांबावर एक लहानसं लेबल चिकटवलं. त्यावर लिहिलंय, ही व्हॅन आता १९९३च्या सुबारूचं इंजिन बाळगते. दोन वर्षांनी मी घराजवळच्या साध्या स्मॉग स्टेशनवर गेले. तिथल्या मुलानं मागचं झाकण उघडलं, कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, दाराच्या खांबावर बघ. त्यानं वाकून लेबल वाचलं आणि व्हॅन रोलरवर घेतली.