झोपेत दात खाता आणि सकाळी डोकं धरतं? या चुका टाळा

उठल्या उठल्या दोन्ही कानशिलं ठणकतात, जबडा आखडलेला असतो, तासाभरात सगळं आपोआप ओसरतं. आपण खापर फोडतो पित्तावर. झोपेत दात खातो हे ज्याचं त्याला कळत नाही. शेजारी झोपणारं माणूस सांगतं. ते मनावर घ्या.

मुलांच्या बाबतीतली चूक घरोघरची: 'जंत झालेत!' लगेच गोळी. जंतांचा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही, आणि बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात सुटते. जंतांची गोळी जंतांसाठीच द्या.

मोठ्यांची मुख्य चूक म्हणजे सगळा दोष दातांवर ढकलणं. दात करकरतात म्हणून मेंदूला त्रास होतो असं वाटतं, पण झोपेत ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला की क्रम उलटा दिसतो. आधी मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो, त्याच्या लहरी वेगवान होतात, हृदयाचे ठोके वाढतात, मग जबड्याचे स्नायू आवळतात. दातांचा आवाज सगळ्यांत शेवटी. रात्रभर राबलेले हेच स्नायू सकाळी कानशिलाशी दुखतात. म्हणून निरोगी दात घासून 'लेव्हल' करून घेण्याच्या फंदात पडू नका. गेलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, परत येत नाही.

नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, दात वाचवतो, दात खाणं थांबवतो असं नाही. ऑनलाइन मिळणारा मऊ गार्ड काही जण उलट जास्तच चावतात. डेंटिस्टकडे माप देऊन कडक गार्ड करून घेतलेला बरा. पण घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल, तर आधी झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही सकाळीच डोकं दुखतं, आणि गार्डने तो काहींमध्ये बळावतो.

महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असे तीनेक महिने वेदनाशामक गोळी घेतलीत, तर गोळीच डोकं दुखवू लागते. झोप लागावी म्हणून घेतलेले दोन पेग झोप मोडतात. संध्याकाळची कॉफी आणि सिगारेटही त्यातलीच. नैराश्यावरच्या काही औषधांनी जबडा आवळला जातो. ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, अडखळती वाचा, लुळा पडलेला हात असेल तर दातांचा विचारच नको, थेट हॉस्पिटल.

आणि दिवसाचं काय? आत्ता वाचताना वरचे-खालचे दात टेकलेत का बघा. ओठ मिटलेले, दात सुटे, असं हवं. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवा. नजर गेली की जबडा सैल सोडायचा.