जुन्या हॅलोवीन वस्तू गोळा करताय? या चुका टाळा

पाच डॉलरला मिळालेलं पुठ्ठ्याचं काळं मांजर घरी आणायचं आणि त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून काढायचं. जुन्या हॅलोवीन वस्तूंचं सर्वाधिक नुकसान असं, विकत घेतल्यावर, आपल्याच हातून होतं. न्यू जर्सीत आल्यावर पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. एका गॅरेज सेलमधून (घरापुढे मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून) आणलेल्या चेटकिणीचा झगा क्रेप कागदाचा होता. पाणी लागताच काळा रंग केशरीत उतरला. सत्तर-ऐंशी वर्षं कुणीतरी जपलेली वस्तू माझ्याकडे एक दिवसही टिकली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तांब्याचा बंब चिंचेने लख्ख करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला धूळ बघवत नाही, हे खरं. पण इथे हात आवरायला हवा. कागद आणि लगद्याच्या वस्तूंना पाण्याचा थेंबही लावू नका. मऊ, कोरडा ब्रश पुरतो. हॅलोवीनला वाजवायच्या पत्र्याच्या खुळखुळ्यांवरचं चित्र थेट पत्र्यावर छापलेलं असतं. काथ्याने किंवा साबणाने घासलं की गंजाबरोबर चित्रही जातं. कोरडं सुती फडकं फिरवा आणि थांबा. आणखी एक, हे खुळखुळे लहान मुलांच्या हाती देऊ नका. अमेरिकेत खेळण्यांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली ती 1978 साली, आणि हा माल त्याच्या कितीतरी आधीचा.

कागदाच्या लगद्यापासून बनवलेल्या भोपळ्याच्या कंदिलांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे जास्त तिथेच अडकतात. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीतून असे कंदील येत. आत मेणबत्ती, वर तारेची कडी, डोळ्यांच्या आणि तोंडाच्या भोकांमागे रंगीत छापील पातळ कागद. हे कागदी डोळे बहुतेक वेळा जळलेले किंवा फाटलेले असतात, मग विकणारा नवे छापून चिकटवतो आणि किंमत मात्र अस्सल मालाची लावतो. म्हणून खिशात अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी ठेवा. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत चकाकी आणणारी रसायनं असतात; असा कागद त्या प्रकाशात निळसर-पांढरा चमकतो. चमकला तर तो कागद युद्धाआधीचा नाही, असं समजायला हरकत नाही. चमकला नाही म्हणजे जुनाच, असं मात्र नाही. जुना कोरा कागद वापरूनही नक्कल करता येते.

मग झीज बघा. खरा कंदील कडीच्या भोकांपाशी झिजतो, बुडाशी घासतो, आतून काजळतो. मुद्दाम जुना केलेला कंदील सगळीकडे सारखाच तपकिरी असतो. आतली काजळी पुसू नका, तो पुरावा आहे. आणि हौसेपोटी आत मेणबत्ती तर अजिबात लावू नका. बॅटरीवरचा दिवा ठेवा.

साल वाचताना होणारी गफलत

वस्तूवर छापलेलं साल हे बहुधा चित्राचा किंवा रचनेचा हक्क (कॉपीराइट) नोंदवल्याचं साल असतं, ती वस्तू बनल्याचं नव्हे. नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. 1957 च्या ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने भयपट अमेरिकन टीव्हीवर आले आणि पोरांना राक्षसांचं वेड लागलं. त्या लाटेत ऑरोरा कंपनीने 1961 साली फ्रँकेनस्टाईनच्या राक्षसाचा जोडायचा प्लास्टिक संच काढला. पुढे तेच राक्षस अंधारात चमकणाऱ्या प्लास्टिकमध्ये आले, नंतर दुसऱ्या कंपन्यांनीही काढले. त्यांवर साल मात्र जुनंच असू शकतं, म्हणून नुसत्या सालावर जाऊ नका. खोका, कंपनीचं नाव आणि पत्ता बघा.

पत्ता फार काही सांगतो. ‘ब्रुकलिन 32’ असा शहरापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल, तर ती पद्धत 1943 साली सुरू झालेली. पाच आकडी झिप कोड 1963 साली आला. खोक्यावर बारकोड असेल, तर तो खोका 1970 च्या दशकाआधीचा असूच शकत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर 1949 ते 1990 मधला काळ धरा. विकणारा 1920 म्हणत असला तरी.

पेनसिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्गची बीसल कंपनी 1900 साली सुरू झालेली, ती कागदी सजावट बनवते. गणपतीच्या आराशीत आपण घडी उलगडून जे जाळीदार कागदी गोळे टांगतो, तसलीच जाळी तिच्या जुन्या भोपळ्यांना असते. ही कंपनी आपलीच जुनी चित्रं नव्याने छापते. त्यात फसवणूक काहीच नाही, पण तो माल पुढे सेलमध्ये ‘जुना’ म्हणून फिरतो. पुठ्ठ्याची कड बघा. जुन्या पुठ्ठ्याची कापलेली कड पिवळट-तपकिरी झालेली असते आणि पिना लावल्याच्या खुणा असतात.

सेलला जाताना

फक्त ऑक्टोबरमध्ये शोधणं ही चूकच. तेव्हा सगळेच शोधतात. मे ते सप्टेंबर फिरा, आणि हॅलोवीनचे केशरी डबे दिसले नाहीत म्हणून परतू नका. ख्रिसमसच्या खोक्यांच्या तळाशी, शिवणकामाच्या कपाटात, तळघरातल्या पार्टीच्या सामानात हात घाला. मला सगळ्यात छान वस्तू तिथेच मिळाल्या.

पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करायची सवय इस्टेट सेलच्या (माणूस गेल्यावर घरातलं सगळं सामान विकतात त्या विक्रीच्या) पहिल्या तासाला चालवू नका. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं, कधीकधी मुलं शेजारीच उभी असतात. शिवाय पहिल्या दिवशी भाव सहसा हलत नाही, शेवटच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी निम्म्यावर येतो. वस्तू खरंच हवी असेल तर सांगितलेले पैसे द्या, नाहीतर शेवटच्या दिवसाची जोखीम घ्या. किंमत ठरवताना ईबेवर लोक काय मागतात ते बघू नका. विकल्या गेलेल्या वस्तूंचा पर्याय निवडा आणि प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा.

घरी आणल्यावर अडचण आली तर

कुबट वास असेल तर वस्तू झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, शेजारी वाटीत खाण्याचा सोडा ठेवा, सोडा वस्तूला लागू देऊ नका. दोन-तीन आठवडे थांबा. उन्हात टाकू नका, केशरी रंग उडतो. बुरशी दिसली तर ती वस्तू आधी बाकीच्यांपासून वेगळी करा, पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर हलक्या ब्रशने झाडा.

फाटलेल्या पुठ्ठ्याला सेलोटेप लावू नका, त्याचा पिवळा डाग निघत नाही. पुठ्ठा वाकडा असेल तर जड पुस्तकांखाली दाबण्याआधी त्यावरून बोट फिरवा. जुन्या चित्रांना उठाव असतो. मांजराची पाठ, भोपळ्याचे गाल बोटाला जाणवतात. वजनाने तो उठाव सपाट झाला की परत येत नाही. अशी चित्रं थोडी वाकडी राहिली तरी चालतील.

रबरी मुखवटे घडी करून पोटमाळ्यावर ठेवले तर तिथल्या उन्हाळ्याच्या उष्णतेने चिकट होतात, मग कडक होऊन तुकडे पडतात. एकदा कडक झालेलं रबर मऊ करण्याचा उपाय नाही. आहे तसं आधारावर बसवा आणि पुन्हा हलवू नका. मऊ व्हिनाइलचं खेळणं कडक प्लास्टिकच्या संचाला टेकवून ठेवू नका, व्हिनाइलमधलं तेलकट द्रव्य झिरपून कडक प्लास्टिक विरघळवतं. चिकटलेच असतील तर जोर लावून ओढू नका, हळूहळू सोडवा आणि मध्ये पॉलिस्टरची पातळ फिल्म घाला.