घरातला अबोला: कसा टाळावा, लांबला तर कसा सोडवावा

भांडणानंतर काही वेळ गप्प राहणे आणि अबोला धरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या शांततेचा शेवट कधी होणार हे दोघांनाही ठाऊक असते. अबोल्यात ते एकालाच ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्यालाही नसते. पती-पत्नींमधला अबोला आपल्याकडे सौम्य मानला जातो, कारण त्यात आवाज चढत नाही आणि शेजाऱ्यांना काही कळत नाही. माझ्या मते तो मोठ्या आवाजातल्या भांडणाइतकाच, कित्येकदा त्याहूनही अधिक बोचतो.

तो इतका का बोचतो, याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी अनेक वर्षे केला आहे. संगणकावर अनोळखी खेळाडूंसोबत चेंडू फेकण्याचा साधा खेळ चालू असतो, आणि थोड्या वेळाने एका व्यक्तीकडे चेंडू येणे बंद होते. एवढ्याशा गोष्टीनेही त्या व्यक्तीची आपलेपणाची आणि स्वाभिमानाची भावना दुखावते, परिस्थिती आपल्या हातात नाही असे तिला वाटू लागते. २००३ मध्ये याच खेळाच्या वेळी मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंधित असलेला एक भाग वगळले जाताना अधिक सक्रिय झालेला आढळला. तो भाग इतर कामेही करतो, त्यामुळे दोन्ही वेदना एकच आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल. पण अनोळखी माणसांनी वगळल्यावर एवढे लागत असेल, तर एकाच ताटलीतून वर्षानुवर्षे खाल्लेल्या माणसाने तोंड फिरवल्यावर काय होत असेल, याची कल्पना करता येते.

गप्प होणारी व्यक्ती मात्र प्रत्येक वेळी शिक्षा देण्यासाठीच गप्प होते असे नाही. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वाद घालणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा बाहेरून दगडासारखी दिसणारी माणसे आतून प्रचंड खवळलेली असतात असे दिसले. ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकू येत नाही, आणि सुचते ते एक तर हल्ला किंवा पळ. गॉटमन यांच्या निरीक्षणात असे मिटून जाणारे बहुतेक पुरुष होते. मग एक जण जितका मिटतो तितका दुसरा ‘बोल ना, काहीतरी बोल’ म्हणून मागे लागतो, आणि जितका मागे लागतो तितका पहिला आणखी मिटतो.

हे चक्र तोडायचे तर गप्प होण्यापूर्वी एक वाक्य बोलण्याची सवय लावावी. ‘मला आत्ता नीट बोलता येणार नाही, रात्री जेवणं झाल्यावर बोलू,’ एवढे पुरेसे आहे. त्यात थांबण्याचे कारण आहे आणि परत येण्याची वेळ आहे. वेळ मात्र खरी सांगावी आणि पाळावी. शरीर निवायला साधारण वीस मिनिटे तरी लागतात, म्हणून त्याहून कमी वेळ घेऊ नये, आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापलीकडे जाऊ नये. या मधल्या वेळेत काय करतो यावर बरेच अवलंबून असते. ‘तिने असे म्हटलेच कसे’ हे मनात घोळवत राहिल्यास, किंवा माहेरी-सासरी फोन करून तक्रार उगाळल्यास, राग ताजाच राहतो. गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत यंत्रात दुरुस्ती करायची आहे असे सांगून जोडप्यांचा वाद मध्येच थांबवला होता आणि त्यांना सुमारे अर्धा तास मासिके वाचायला दिली होती. पुन्हा बोलायला बसल्यावर त्यांचे ठोके उतरले होते आणि बोलणेही मवाळ झाले होते. चालून यावे, भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात.

अबोल्याला आधीच चार-सहा दिवस झाले असतील, तर ‘आधी कोणी बोलायचे’ हाच मोठा प्रश्न होऊन बसतो, आणि मूळ भांडण कशावरून झाले हे बाजूला पडते. चूक ज्याची त्यानेच आधी बोलावे हा आग्रह येथे सोडून द्यावा, कारण चूक कोणाची हे ठरवायलाही बोलावेच लागते. थेट वादाच्या विषयाला हात घालू नये. चहा पुढे करावा, दिवसाभरातली एखादी साधी गोष्ट सांगावी. दुसऱ्याने हा पुढे आलेला हात ओळखून धरणे तितकेच आवश्यक आहे. ‘आता कशी आठवण झाली’ या एका टोमण्याने पुढचे कित्येक दिवस वाया जातात. विषयावर आल्यावर पहिले वाक्य स्वतःच्या वागण्याविषयी असावे: ‘काल पाहुण्यांसमोर मी तुला तोडून बोललो, ते चुकलं.’ ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ या वाक्यात चूक ऐकणाऱ्याच्या वाईट वाटण्यावर ढकललेली असते, म्हणून ते टाळावे. एका खोलीच्या घरात किंवा सासू-सासरे शेजारी असताना हे बोलणे अवघड जाते. अशा वेळी दोघांनी बाहेर फेरी मारायला जावे. शेजारी शेजारी चालताना, डोळ्यांत पाहावे लागत नसल्याने, काहींना बोलणे सोपेही जाते.

मुलांना निरोप्या करू नये. ‘बाबांना सांग, पान वाढलंय,’ हे वाक्य मोठ्यांना किरकोळ वाटते, पण त्या मुलाला कोणाची तरी बाजू घेतल्यासारखे होते, आणि लहान मूल घरातल्या तणावाचे कारण स्वतःतच शोधू लागते. निरोप गेलेलाच असेल, तर मुलाला स्पष्ट सांगावे की आम्हा दोघांचे बिनसले आहे, त्यात तुझा काही दोष नाही.

वरचे सारे दोघांनाही बोलायची इच्छा असेल तेव्हाच उपयोगी पडते. एक जण दरवेळी आठवडेच्या आठवडे बोलत नसेल, शरण आल्याशिवाय बोलणार नाही असे धोरणच असेल, त्यासोबत पैसे रोखणे, माहेरच्यांशी संबंध तोडायला लावणे, अपमान किंवा मारहाण असेल, तर तो संवादाचा प्रश्न राहत नाही आणि समजूत घालत बसण्याची जबाबदारी सोसणाऱ्यावर टाकू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. महिलांना १८१ या क्रमांकावर मदत मागता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आता राज्याच्या इतर जिल्ह्यांतही आहे आणि तेथे समुपदेशन मिळते. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर स्त्री-पुरुष कोणालाही, दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.