लिम्फोमा झालेल्या मुलांचं रक्त तपासताना: फ्लो सायटोमेट्रीत नवीन असणाऱ्यांसाठी

फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून लेझरने मोजताना, लिम्फोसाइटमध्ये सीडी४ (सीडी४ ही खूण असलेल्या मदतनीस टी पेशी) ४० टक्के दिसले की नवखा निर्धास्त होतो. पण पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३००० आणि त्यात लिम्फोसाइट २० टक्के असतील, तर सीडी४ उरतात मायक्रोलिटरमागे फक्त २४०. टक्केवारी जागच्या जागी, पेशी मात्र गायब. म्हणून आधी प्रत्यक्ष संख्या बघा, आणि तीही वयाशी ताडून. सहा महिन्यांच्या निरोगी बाळात सीडी४ दोन हजारांच्या वर असणं नेहमीचं आहे. मोठ्यांचे निकष लावले तर त्याची मोठी घटसुद्धा 'नॉर्मल' ठरते.

रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये घ्या, खोलीच्या तापमानाला ठेवा (फ्रिजमध्ये नको) आणि शक्यतो २४ तासांत तपासायला लावा. १०० मायक्रोलिटर रक्त सोडताना थेंब ट्यूबच्या भिंतीला चिकटला, तर त्यातल्या पेशी रंगत नाहीत आणि निगेटिव्हमध्ये मोजल्या जातात. अँटिबॉडीसोबत अंधारात १५ ते २० मिनिटं, मग लायसिंग (लाल पेशी फोडणं). टी, बी आणि एनके (नॅचरल किलर) या लिम्फोसाइटच्या तिन्ही प्रकारांची बेरीज ९५ ते १०५ टक्के यायला हवी. कमी आली तर गेटमध्ये (पडद्यावर लिम्फोसाइटभोवती आखलेल्या चौकटीत) मोनोसाइट किंवा न फुटलेल्या लाल पेशी शिरल्यात का ते पाहा. केमोनंतर लिम्फोसाइट इतके विरळ होतात की नमुना जास्त वेळ चालवावा लागतो. गेटमध्ये किमान २५०० लिम्फोसाइट जमेपर्यंत नमुना चालू ठेवा.

बेरीज जमली तरी फसगत होऊ शकते. बर्किटच्या (बी पेशींच्या एका लिम्फोमाच्या) पेशी रक्तात उतरल्या असतील तर सीडी१९ (बी पेशींची खूण) फुगतो, आणि त्या बी पेशी रोगाच्याच असतात. त्यांच्यावर सीडी१० ही खूण आणि एकाच प्रकारची लाइट चेन (अँटिबॉडीचा छोटा भाग, कप्पा किंवा लॅम्डा) दिसली की पॅथॉलॉजिस्टला लगेच दाखवा. टी लिम्फोब्लास्टिकमध्ये (अपरिपक्व टी पेशींच्या लिम्फोमात) सीडी४ आणि सीडी८ (मारक टी पेशींची खूण) दोन्ही असलेला, सीडी४५ (सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण) मंद असलेला गट वेगळा काढा.

उपचारांचा दिवस कळल्याशिवाय निकाल वाचूच नये. स्टेरॉइडच्या डोसनंतर चार-सहा तासांत लिम्फोसाइट रक्तातून बाजूला सरतात. रिटुक्सिमॅबनंतर (बी पेशींवरच्या सीडी२० या खुणेला चिकटणारं औषध) बी पेशी कित्येक महिने दिसत नाहीत. औषध सीडी२० झाकतं, म्हणून तिथे मोजायचा तो सीडी१९. केमो संपल्यावर एनके आधी सावरतात, सीडी४ बरेच मागे राहतात. त्यामुळे सीडी४-सीडी८ गुणोत्तर उलटं दिसलं तरी लगेच रोग परतल्याचं समजू नका.

नमुन्याच्या फॉर्मवर वय, शेवटच्या स्टेरॉइडची वेळ, केमोचा दिवस आणि त्याच वेळच्या रक्तातला सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) नसेल, तर वॉर्डला फोन करून विचारा.