बार्शीच्या राईडची तयारी, आणि तो पितळी ॲडॉप्टर

सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठली की आमच्या सायकलच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न सुरू होतो: कॅन्सरच्या राईडला काय काय घ्यायचं? म्हणजे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलसाठी मदत जमवत सोलापूरहून निघणारी दिवसभराची सायकल राईड. मग कुणीतरी लांबलचक यादी टाकतं. तिच्यात हेल्मेटपासून नेलकटरपर्यंत सगळं असतं, फक्त जे रस्त्यात अडवतं तेच नसतं. हेल्मेट, ग्लोव्हज, गॉगल, दोन बाटल्या, आधारकार्ड, चार्ज केलेला मोबाईल हे तुम्हाला सांगावं लागत असेल तर यंदा फिनिशला टाळ्या वाजवायला या, चहा मी पाजतो.

आता मुद्द्याची वस्तू. प्रेस्टा ते श्रेडर ॲडॉप्टर. करंगळीच्या नखाएवढी पितळी टोपी, आत काळी रबरी रिंग. रोड बाइकच्या ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा वॉल, म्हणजे हवा भरायची नळी, असते. मोटरसायकल, जीप, ट्रक सगळ्यांना जाड तोंडाचा श्रेडर. आपल्या रस्त्यावर वैराग असो, कुर्डुवाडी असो नाहीतर मोडनिंब, टायरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो तो श्रेडरचाच. गेल्या वर्षी वैरागच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब होती, बदलली. हवा भरताना हातपंपाचा वायसर फाटला. समोरच टायरचं दुकान, कॉम्प्रेसर धडधडत होता. त्या माणसाने नळी दोनदा लावून बघितली, वॉल बोटाने हलवला आणि म्हणाला, "साहेब, ह्याचं तोंडच बारीक हाय की." हवा दोन फुटांवर होती आणि सायकलीत जात नव्हती. बार्शी मी टेम्पोतून बघितली.

म्हणून ॲडॉप्टर घ्या. दोन घ्या. एक स्पेअर ट्यूबच्या वॉलवर चढवून रबर लावून ठेवा, दुसरा सीटखालच्या बॅगेत. खिशात सुटा ठेवू नका, केळं काढताना तो पडतो आणि पडलेला कळत नाही. आणि नुसता घेऊन उपयोग नाही, घराजवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन एकदा हवा भरून बघा. प्रेस्टाच्या टोकाला बारीक घुंडी असते, ती आधी सैल करायची, बोटाने दाबून फुस्स आवाज ऐकायचा, मग वर ॲडॉप्टर फिरवायचा. घुंडी सैल न करता चढवला तर टायरवाला कितीही जोर लावू दे, आत काही जात नाही. शिवाय ट्रकचा कॉम्प्रेसर आपलं बारीक टायर डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगवतो, त्यामुळे त्याला सांगायचं, "मामा, थोडी थोडी." टायरच्या कडेला किती प्रेशर चालतं ते छापलेलं असतं, ते आजच वाचून ठेवा.

ट्यूबलेसवाल्यांनी हसू नये. तुमचा वॉलही बहुतेक प्रेस्टाच असतो. ॲडॉप्टर घ्या.

पंक्चर होणारच हे गृहीत धरा. वडाळ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहे आणि साइडपट्टीवर सराटे. ट्रकला वाट द्यायला खाली उतरलात की सराटा लागलाच. दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, टायर उचकटायचे दोन लिव्हर. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. कापड जिथे अडकतं तिथे काटा. उघडं बोट फिरवू नका. काटा आत ठेवून नवी ट्यूब घातली तर ती पाच मिनिटं टिकते, आणि मग तुमच्याकडे एकच ट्यूब उरते, आणि ॲडॉप्टर नसेल तर तीही असून नसल्यासारखी.

सरावाबद्दल एकच. तुळजापूरचा घाट दम न लागता चढतो म्हणून छाती फुगवू नका. या राईडला चढ फारसा नाही, बसणं आहे. सोलापूर, वैराग, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोहोळ आणि परत सोलापूर म्हणजे दोनशेच्या आसपास किलोमीटर, दिवसभर खोगिरावर. महिनाभर आधी पंढरपूर जाऊन-येऊन करा. कुठे दुखतं, कुठे घासतं, कुठला हात बधिर होतो ते त्याच दिवशी कळेल. पॅडवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही. व्हॅसलीन लावायचं. लाजायचं नाही.

सायकलीइतकीच, किंबहुना जास्त, तयारी पैशांची करायची असते आणि ती सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. आपल्याकडे मदत मागायला गेलं की लोकांना गणपतीची वर्गणी वाटते. काढून देतात पन्नास रुपये, पावतीही मागत नाहीत. मग कुणीतरी विचारतोच, "तू सायकल चालवून कुणाचा कॅन्सर बरा होणार आहे?" या प्रश्नावर चिडू नका, उत्तर तयार ठेवा, आणि ते आपल्याच रस्त्यावर आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. नर्गिस १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेल्या, त्यांच्या नावाचं. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली ती याच बार्शीत. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव जाऊन कुणाला कुठला कॅन्सर झाला याची नोंद ठेवायची, असं हे काम. खेड्यातला कॅन्सर तोवर कुणी असा मोजलाच नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली, तेव्हाच्या उस्मानाबादची. टाटा मेमोरियल, बार्शीचं हे हॉस्पिटल आणि फ्रान्सच्या लियाँमधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे पेशी काढून बघायची तपासणी, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची साधी तपासणी, आणि काहींत नेहमीचंच चालू ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या गटांत एचपीव्हीची तपासणी झाली, तीही आयुष्यात एकदाच, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू, नेहमीचंच चालू ठेवलेल्या गटांच्या मानाने, जवळपास निम्मे होते. आपल्या शेजारच्या गावातल्या बायकांमुळे जगाला हे कळलं. चादरीच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या शेठना एवढं सांगा. पन्नासची नोट परत गल्ल्यात जाते आणि चेकबुक बाहेर येतं.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा. कितीही ओळखीचा असो. पावतीसाठी पूर्ण नाव आणि पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या, मार्चअखेरीला मागत फिरू नका. देणगीवरची ८० जीची आयकर सवलत हवी असेल तर रोख दोन हजारांच्या वर चालत नाही, आणि जे नव्या कररचनेत गेलेत त्यांना ती सवलतच नाही, हे आधी सांगून टाका म्हणजे नंतर तोंड चुकवावं लागत नाही. एन्ट्री फीतून टी-शर्ट आणि नाश्ता किती, हॉस्पिटलला किती, हे आयोजकांना विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत असेल तर तेही कळलेलं बरं. आणि छोट्या रकमेला नाक मुरडू नका. या शहरात हजारो बायका घरात बसून विड्या वळतात. त्यांच्यातल्या एकीने दहा रुपये हातावर ठेवले तर तिच्या नावाचीही पावती झाली पाहिजे.

जाता जाता, कॅन्सरच्या राईडची जर्सी घालून टपरीवर गालात तंबाखूचा मावा धरून उभे राहणारे महाभाग दरवर्षी दिसतात. काय बोलणार.

खाण्याचं. शेंगापोळी न्या, तिच्यासारखं दुसरं काही नाही, गोड, तेलकट, खिशात मोडत नाही. कडक भाकरी घरी ठेवा, जर्सीच्या खिशात तिचा चुरा होतो आणि घशाखाली उतरत नाही. शेंगाचटणी बार्शीच्या थांब्यावर, चालवताना नको. ओआरएसच्या पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असतं, ते पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका. पोट बिघडलं की मला फोन येतो. नुसतं साधं पाणीही दिवसभर ढोसू नका. घामावाटे मीठ जातं, मग डोकं दुखतं आणि माणूस उगाच भांडायला लागतो. फेब्रुवारी आहे म्हणून उन्हाला हलकं समजू नका, अकरा वाजले की सोलापूरचं ऊन ते ऊनच.

उपचार घेऊन बरी झालेली मंडळीही आपल्यात असतात. त्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच यावं. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून हँडलवर एकाच जागी भार देऊन बसू नका, हाताची जागा बदलत राहा. बाकीच्यांनी त्यांना "तुम्ही किती स्ट्राँग" वगैरे ऐकवू नये. ड्राफ्ट द्या, म्हणजे पुढे राहून वारा अडवा, ते जास्त उपयोगी.

बार्शीत हॉस्पिटलच्या बाहेर घंटी नाही, घोषणा नाही, ड्रोन नाही, पेशंटसोबत सेल्फी नाही. आत केमो चालू असते. त्यांच्या नातेवाइकांना गर्दीतून वाट द्या. तिथून निघण्याआधी टायर अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर बार्शीतच हवा भरून घ्या. कशाने, ते आता सांगायला लावू नका. ॲडॉप्टर. ज्याने अजून घेतला नसेल त्याने हे वाचणं थांबवून आधी ऑर्डर करावा. फार पैसे लागत नाहीत.

कुर्डुवाडी. दम संपला असेल, गुडघा बोलत असेल, तर इथेच सोडा. जंक्शन आहे, सोलापूरची गाडी मिळते. पुढे टेंभुर्णी ते मोहोळ मध्येच सोडलं तर टेम्पोची वाट बघत हायवेवर उभं राहावं लागतं, आणि ते कसं असतं ते मला विचारा.

टेंभुर्णीनंतर हायवे. कारखाने चालू असतात, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, मागे दिवा नाही, पुढे गाण्यांचा दणका. त्यांच्या मागे चिकटू नका, ऊस खाली पडतो. पुलावर साइडपट्टी संपते, मागे बघा. वारा बहुधा तोंडावर. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, चकाकणारं जॅकेट संध्याकाळच्या आत अंगात. मोहोळला पाणी. लांबोटीला चिवडा घ्यायला सगळे थांबतात, थांबा, पण बसू नका, उठवत नाही. मग सोलापूर.

दुसऱ्या दिवशी: चेन पुसून तेल. आलेल्या पावत्या ज्याच्या त्याला पाठवा, पॅन चुकला असेल तर संस्थेला लगेच कळवा. कबूल करून ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत त्यांना एकदा फोन करा. दुसऱ्यांदा करू नका, नाव खोडा.